बंडीच्या दांड्यांची विलायती मोटार

सोमाजीभाऊ गजभिये आणि त्यांच्या घरच्या सुगंधावहिनी यांचं नाव आधी घेतो, मोटारीचं मागून. संपादकांनी मोटारीवर लिहा असं कळवलं आहे, तेव्हा मोटारीवर लिहिणारच; पण या दोघांचं नाव न घेता सुरुवात केली तर काहीतरी बिघडेल अशी मला भीती वाटते. भीती मला लवकर वाटते. बोल्ट घट्ट बसला तरी मी पुन्हा एकदा पाना लावून बघतो. गॅरेजमधली पोरं हसतात, हसू देत.

मी मूळचा राजापूरकडचा. सातवीत शाळा सुटली आणि एका ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो. तो ट्रक नागपूर, गोंदिया करत बालाघाटला आला आणि मालकानं तो इथंच विकून टाकला. ट्रकबरोबर क्लीनर विकत नाहीत, म्हणून मी उरलो. घरून निघताना थोरला भाऊ म्हणाला होता, "काहीतरी शिकून ये, नाहीतर तोंड दाखवू नको." तो रागानं बोलला नव्हता, पण मी ते मनाला लावून घेतलं होतं. स्टेशनावर अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेची शिटी झाली की हातातलं काम सोडून मी ती विरेपर्यंत ऐकायचो.

सोमाजीभाऊ लाकडाच्या डेपोत बंडी चालवायचे. बंडी म्हणजे बैलगाडी. जंगलातून आलेले ओंडके आरागिरणीपर्यंत पोचवायचे हे त्यांचं काम. मी डेपोजवळच्या हॉटेलात चहा पीत बसलो होतो, तर माझं बोलणं ऐकून म्हणाले, "अबे, हा कोनती मराठी बोलून राह्यला? नाकातून येते याची भाषा." मग विचारलं, "राह्यतं कुठं?" मी म्हटलं, "कुठंच नाही." त्यावर त्यांनी मला सरळ घरी नेलं. वहिनींनी ओसरीची एक बाजू दिली. भिंतीवर नुकताच लावलेला बुद्धाचा फोटो होता, त्याखाली माझी पत्र्याची पेटी ठेवली. "त्याच्या नजरेखाली ठेवजो," वहिनी म्हणाल्या, "कोनी हात लावनार नाई."

दिवसा मी गोंदिया रस्त्यावरच्या करीम उस्तादांच्या गॅरेजात जायचो. उस्तादांनी मला ठेवून घेतलं होतं, पण कच्चंच. "काम देखूँगा, फिर बोलूँगा," एवढंच त्यांचं बोलणं. ते कधी बोलणार याची वाट बघण्यात माझं पावसाळ्याचं सगळं जेवण अर्धवट पचलं.

आता मोटार. दुसऱ्या लढाईच्या आधी मँगनीजच्या खाणीवरच्या एका इंग्रज साहेबानं ती विलायतेहून मागवली. बोटीनं मुंबई, मोठ्या रेल्वेनं गोंदिया आणि तिथून छोट्या रेल्वेच्या उघड्या डब्यातून बालाघाट. दोनच माणसांची बैठक, लांबलचक नाक, सायकलीसारखी तारांची चाकं, आणि उंची एवढी कमी की शेजारून बैल गेला तर त्याचं शिंग ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर यावं. नाकावरचा पितळी बिल्ला पुसून पुसून गुळगुळीत झाला होता, त्यामुळे कारखान्याचं नाव कुणी घेत नसे. लोक तिला मालकाच्या नावानं ओळखत, आणि त्यातही एक मालक मागेच राहत. साहेब गेला, जाताना ज्यानं त्याचा हिवताप बरा केला त्या खाणीच्या डॉक्टरांना मोटार देऊन गेला, तरी लोक म्हणत "साहेबाची मोटार." डॉक्टरांनी ती बांबूच्या ठेकेदाराला विकली, तेव्हा कुठं ती "डॉक्टरची मोटार" झाली.

डॉक्टर फार जाड होते म्हणे. ते बसले की मोटार उजवीकडे कलायची, आणि खेड्यातली माणसं लांबूनच ओळखायची की आत डॉक्टर आहेत की त्यांचा कंपाउंडर. एकदा अडलेल्या बाईला शेजारी बसवून त्यांनी हट्ट्याहून बालाघाटला आणलं. वाटेत इंजिन तापलं, तेव्हा मोटारीच्या मागं लटकून आलेल्या बाईच्या सासऱ्यानं बावडीच्या पायऱ्या उतरून पाणी आणलं आणि परत निघताना मोटारीलाच हात जोडले. मुलगा झाला. त्याचं नाव काय ठेवलं ते मला ठाऊक नाही, पण गावात त्याला मोटाऱ्या म्हणत.

ठेकेदारानं मात्र तिला गवताच्या खोपटात उभी करून ठेवली. बाहेरून पत्रा शाबूत, आतून वाळवी. कारण त्या काळच्या अशा विलायती मोटारींची एक गोष्ट इकडे कुणाला माहीत नव्हती. खालचा सांगाडा लोखंडी, त्यावर लाकडाची चौकट, आणि पत्रा फक्त त्या लाकडावर ताणून खिळवलेला. आपल्याकडे शेणानं सारवलेल्या कुडाच्या आत काठ्या असतात, तसंच.

ठेकेदाराकडून ती वारासिवनीच्या एका तांदूळ गिरणीवाल्या शेठनी घेतली. शेठ हौशी. हट्ट्याकडच्या त्यांच्या मूळ गावी दिवाळीनंतर मंडई भरते, म्हणजे जत्राच. इकडे गावोगावच्या मंडईला लेकीबाळी, जावई, व्याही सगळे येतात, दंडार नाचते, म्हणजे गावच्या गड्यांचा नाच होतो, आणि कुणाचं बरं चाललं आहे हे तिथंच ठरतं. शेठ पहिल्या वर्षी शेठाणींना घेऊन मंडईला निघाले. या मोटारीचं दार पुढच्या बाजूनं उघडायचं, बिजागऱ्या मागं. चौकट सैल झालेली, त्यामुळे जरा वेग आला की वाराच ते सताड उघडायचा. ऐन मंडईत, सगळ्या सोयऱ्यांच्या देखत दार उघडलं आणि शेठाणींच्या मांडीवरची अनारशांची टोपली रस्त्यावर सांडली. शेठाणी म्हणाल्या, पुन्हा या मोटारीत पाय ठेवणार नाही. शेठ म्हणाले, पुढच्या मंडईला ठेवशील. या पैजेवर मोटार आमच्या गॅरेजात आली.

उस्तादांचं सगळं आयुष्य ट्रकमध्ये गेलेलं. त्यांनी एक चक्कर मारून मोटार बघितली आणि मला म्हणाले, "ये तेरी. सेठ की गाडी मंडई को चली, तो तू यहीं का. नहीं चली, तो अपना मुलुक देख." म्हणजे अखेर ते बोलले. मी ज्याची वाट बघत होतो ते हेच होतं, आणि ऐकल्यावर मी घट्ट बसलेलाच एक बोल्ट पुन्हा आवळायला घेतला.

इंजिनाची मला भीती वाटली नाही, ते लोखंड होतं. फक्त बोल्ट विलायती मापाचे. ट्रकचा पाना लावला की एक तर बसायचाच नाही, नाहीतर कोपरे खाऊन टाकायचा. मी दोन जुने पाने कानशीनं घासून त्या मापाचे केले. भीती होती ती लाकडाची. पत्रा सोडवला तर आतून भुसाच पडला. दाराचा खांब मुठीत धरला तर मुठीतच राहिला.

नवी चौकट कशाची करायची हा प्रश्नच कुणी विचारला नाही. बालाघाटात लाकूड म्हणजे सागवान. पलंग सागवानाचा, पाट सागवानाचा, माणूस चांगला असला तर त्यालाही म्हणतात, सागवान आहे. शेठनी जुन्या गोदामाच्या तुळया पाठवल्या. "पचास साल का माल है, हाथी खडा कर दो उस पर!" शेजारच्या सुताराला बोलावलं, त्याचे डोळे पाणावले ते लाकूड बघून. त्यानं इतकी सुरेख चौकट केली की पत्रा चढवून ती झाकायला आमचा जीव होईना. उस्तादांनी हात फिरवून बघितला आणि पहिल्यांदाच मला चहा सांगितला.

पहिली फेरी वारासिवनी रस्त्यावर. मी चालवतोय, सुतार शेजारी. रेल्वेचं फाटक ओलांडताना पुढचं उजवं चाक रुळावर चढलं, मागचं डावं अजून खड्ड्यात, आणि कडाड् असा आवाज झाला. दाराचा खांब मुळापासून उभा फाटला होता. स्क्रू उपटून पत्राही चिरला. सुतार खाली उतरला आणि रुळावरच बसला. "सागवान कसं फाटलं बे?" तो मला विचारत होता. मी काय सांगणार?

आज सांगता येतं. ही हलकी मोटार खड्ड्यातून जाते तेव्हा तिचा लोखंडी सांगाडा पिळला जातो, आपण ओला कपडा पिळतो तसा, फार थोडा, पण दर खड्ड्याला. वरच्या लाकडानंही त्याच्याबरोबर पिळलं पाहिजे आणि परत सरळ झालं पाहिजे. सागवान मानी लाकूड. ते उन्हापावसाला वाकत नाही, तसं मोटारीलाही वाकलं नाही. ते उभं राहिलं आणि फाटलं.

मोटार बैल लावून परत आणली. उस्ताद एका ट्रकखाली जाऊन शिरले. मंडई जवळ आली होती, आणि त्याच सागवानाची दुसरी चौकट केली असती तर तीही फाटली असती. मी घरी येऊन पेटी भरायला घेतली. उस्तादांनी जा म्हणायच्या आत आपणच गेलेलं बरं, असा माझा हिशोब.

वहिनी ताट घेऊन आल्या. "काहून नाई जेवत?"

"वहिनी, सकाळच्या गाडीनं जातो."

"जाजो. उपाशी जाशीन तं तुह्या घरचे मले शिव्या देतीन. जेव आधी."

सकाळी सोमाजीभाऊंनी बंडी जुंपली. म्हणाले, डेपोत जायचंच आहे, स्टेशनावर सोडतो. मी मागं पेटीवर बसलो. भाऊ समजूत घालत नव्हते, बैलांशीच बोलत होते. "बघ बे, हा चालला. याले आपल्या इथचं पानी नाई पटलं." मला रडू येत होतं, म्हणून मी मान खाली घातली, आणि खाली बंडीच्या दांड्या दिसत होत्या. पुढं जू बांधतात त्या दोन लांब दांड्या. रेल्वेचं तेच फाटक आलं. एक चाक रुळावर चढलं, दुसरं खड्ड्यात उतरलं. आणि मी बघितलं, दोन्ही दांड्या आपापल्या बाजूला वाकल्या, बंडी करकरली, आणि रूळ ओलांडल्यावर दांड्या होत्या तशा सरळ झाल्या.

"भाऊ, या दांड्या कशाच्या आहेत?"

"धामनीच्या लाकडाच्या. काहून?"

"सागवानाच्या का नाही?"

भाऊ हसले. "सागवानाची बंडी कोन करते बे? तुटून जाईन ना पयल्याच नाल्यात. सागवान दाराले. बंडीले धामन."

"थांबवा बंडी."

"गाडी सुटन तुही."

"सुटू दे. मागं फिरवा."

बंडी मागं फिरवताना त्यांनी बैलांनाच सांगितलं, "चाला, पानी पटलं याले."

सुताराला दाखवलं तर त्यानं कपाळावर हात मारून घेतला. तो स्वतः बंड्या करायचा, पण मोटारीला बंडीचं लाकूड लावायचं हे त्याच्याही मनात आलं नव्हतं. आता अडचण दुसरीच. डेपोत धामण होती ती ओली. ओल्या लाकडाची चौकट केली तर वाळताना वाकडी होते. वाळलेली धामण हवी, दोन-तीन उन्हाळे खाल्लेली. ती कुणाकडे असणार? ज्याच्याकडे होती त्याच्या बंडीला लावलेली होती, आणि धानाची कापणी तोंडावर. त्या दिवसांत कुणाला बंडीच्या दांड्या मागणं म्हणजे पायातली वहाण मागण्यासारखं. मी आणि सुतार तीन गावं फिरलो. सगळ्यांनी चहा दिला, दांड्या कुणी दिल्या नाहीत.

संध्याकाळी घरी आलो तर अंगणात ठकठक चालली होती. सोमाजीभाऊ स्वतःची बंडी सोडत होते. दोन्ही दांड्या काढून भिंतीला टेकवल्या होत्या.

वहिनी दारातून बोलत होत्या. "बंडी मोडून मोटार बांधून राह्यले! आता बैलं काय मोटारीले जुपता?"

"बैलं तुह्या भावाकडं देतो हंगामापुरते. त्याच्याकडं बंडी हाय, जोडी नाई."

"अन् तुमी?"

"मी काय, मी हायच. डेपोत वझं उचलनारे पायजेतच."

मी म्हटलं, "भाऊ, हे नको. याचं मी तुम्हाला काय देऊ?"

"काई देऊ नको. आमच्यात दांडीचे पैशे घेत नाईत. दांडीले दांडी वापस करा लागते. जवा होईन तवा करजो." मग वहिनींकडे बघून, "पोरगा राह्यतो इथं, तं आपल्याले काय वाईट हाय?"

वहिनी आत गेल्या. भांडी जरा जोरात वाजली, पण थोड्या वेळानं त्यांनीच मला कंदील आणून दिला, की दांड्या बघायच्या असतील तर बघ नीट, कुठं चीर नाही ना.

दाराच्या वरची चौकट गोलाकार होती. सरळ दांडी गोल कशी करणार? इथं शेठची गिरणी उपयोगी पडली. या भागात उसना तांदूळ करतात, म्हणजे धान आधी वाफेवर उकडून, वाळवून मग भरडतात. शेठकडे वाफेचं मोठं पिंप होतं. धान काढून त्यात कापलेल्या पट्ट्या ठेवल्या. गिरणीतल्या बाया जमल्या. एक म्हणाली, "शेठ, आज काय लाकडाचा भात हाय का?" वाफ प्यालेली धामण बाहेर काढली की तेवढा वेळ ती ऐकते. बंडीच्या चाकाला गुंडाळून, दोऱ्या आवळून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सोडली तर चाकाचा आकार घेऊन बसलेली. सांगाड्यावर चौकट बसवताना लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये चामड्याचे तुकडे घातले, म्हणजे करकरणार नाही. ही युक्ती सुताराची.

या चौकटीच्या पहिल्या फेरीला मी सोमाजीभाऊंना शेजारी बसवलं. ते डोक्याचा रुमाल सोडून हातात धरून बसले. फाटक आलं तसं माझा पाय ब्रेकवर गेला. "चाल ना बे, बैल हाय का ते थांबाले?" मी चाललो. चाक रुळावर चढलं. भाऊंनी दाराच्या खांबावर हात ठेवला होता. मोटार पिळली आणि सरळ झाली.

"हालली," भाऊ म्हणाले. "चांगली हालली."

मंडईच्या दिवशी शेठ, शेजारी शेठाणी. मी आणि उस्ताद मागून बसनं गेलो, वाटेत काही झालं तर हजर असावं म्हणून. काही झालं नाही. गर्दीत मोटार शिरली तेव्हा दंडार थांबली. पोरं ओरडत होती, "ठेकेदाराची मोटार आली!" शेठाणींच्या मांडीवर पुन्हा अनारशांची टोपली होती, आणि उतरताना त्यांनी स्वतः दार उघडलं, जोर लावून. शेठ सोयऱ्यांना सांगत होते, "सागवान लगाया है, असली! हाथी खडा कर दो!" धामण हे नाव त्यांच्या तोंडून निघेना. बंडीचं लाकूड मोटारीला लावलं हे व्याह्यासमोर कसं सांगणार?

सोमाजीभाऊ मंडईला आले होते, गर्दीत थोडे मागं उभे. मला राहवेना. "मी सांगतो सगळ्यांना." त्यांनी माझी बाही धरली. ते हसू दाबत होते. "राहू दे बे. त्याले सागवान वाटते तं वाटू दे. मोटार उभी हाय ना? तू उभा हायेस ना?" मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं अजून वाटतं, मंडईला गेलो की दर साली वाटतं.

परत येताना बसमध्ये उस्ताद बाहेर बघत बसले होते. बालाघाट आलं तेव्हा म्हणाले, "गॅरेज की चाबी तेरे पास रख. सुबह मैं देर से आता हूँ." ते कधीच उशिरा येत नसत. मी ती किल्ली रात्रभर हातात धरून झोपलो आणि भावाला कळवलं की मला इथं काम आहे.

ते काम आजही आहे. उस्ताद गेले, गॅरेज मी चालवतो. शेठच्या मुलाला मोटारीची हौस नव्हती. मलाजखंडला तांब्याच्या शोधासाठी आलेल्या एका इंजिनिअरनी ती घेतली आणि फार जपली. कुठंही दौऱ्यावर गेले तरी सुटे भाग शोधून आणायचे. त्यांची बदली झाली तेव्हा मोटार ट्रकवर चढवून कलकत्त्याकडे गेली. चढवताना मी खांबाला धरून हलवून बघितलं. वीस पावसाळे होत आले होते त्या धामणीला, आणि ती हलली, चांगली हलली.

राहिल्या दांड्या. भाऊंनी त्या हंगामानंतर साज्याच्या दांड्या करून बंडी पुन्हा जुंपली. साजा जड लाकूड. बैलांच्या मानेवर ते वजन येतं, ते मला रोज दिसायचं. दोन उन्हाळे वाळवलेली धामणीची जोडी मी मिळवली आणि घरी नेऊन दिली. आठ दिवसांनी गेलो तर बंडीला साजाच. नवी जोडी शेजारच्या गावच्या कुणा शेतकऱ्याला देऊन टाकलेली. त्याची बंडी कापणीत मोडली होती.

मी म्हटलं, "भाऊ, मग माझं फिटलं की."

"कायचं फिटलं? माह्या बंडीले लागलं का? नाई ना? मंग?"

पुढच्या वेळी दुसरी जोडी नेली. तेव्हा पावसात त्यांच्या घराचं एक पाखं खचलं होतं. दांड्या आढ्याला गेल्या. वहिनी मला वर बोट करून दाखवतात, "हे पाय तुह्ये दांडे. कर्ज डोक्यावर घेऊन झोपतो आमी." आणि तिघंही हसतो.

भाऊ आता थकले आहेत, पण बंडी चालवतात. तिसरी जोडी माझ्या गॅरेजच्या छपराखाली वाळते आहे. वाळवी लागू नये म्हणून विटांवर ठेवली आहे, आणि आठवड्यातून एकदा उलटतो. अजून एक उन्हाळा लागेल. या खेपेला मी ती भाऊंच्या हातात देणार नाही. सुताराला बरोबर घेऊन पहाटेच जाईन, भाऊ उठायच्या आत साज्याच्या दांड्या उतरवीन, धामणीच्या चढवीन, बोल्ट आवळीन आणि जू बांधूनच उठेन.